हरकतदार

नदीचं काम मी घेत नाही. पूल असो, घाट असो, काठावरच्या कुंपणाचा साधा खांब असो, घेत नाही म्हणजे नाही. घराचा परवाना सांगा, दुकानाच्या पाटीचा सांगा, विहिरीचा सांगा, या ऑफिसातून त्या ऑफिसात चपला झिजवायला मी तयार आहे. माझा धंदाच तो. लोक मला शिक्काबाई म्हणतात ते काही उगीच नाही. पण तुमचं हे बंधाऱ्याचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या.

का म्हणून विचारताय? बसा मग. तो चहा निवतोय, तो घ्या आधी. सांगते, पण मध्ये हसायचं नाही. हसणाऱ्याला मी कपबशीसकट बाहेर काढते.

माझ्या थोरल्या बहिणीचं घर एका जुन्या धरणाच्या पायथ्याशी आहे. धरण म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, नदीवर आडवी घातलेली काळ्या दगडांची भिंत आणि मधोमध सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जायची खाच. ते कुणी बांधलं हे कुणालाच धड सांगता येत नाही. माझे दाजी त्या धरणाची दारं उघडायच्या-लावायच्या कामावर होते. त्यांनीच खाली उतारावर हे घर बांधलं. पुढचं दार धरणाकडे, मागचं दार खालच्या नदीकडे. "कामाला जायला पुढचं आणि काम टाळून पोहायला जायला मागचं," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. दाजी गेले, धरणाची दारं गंजून बसली, ताई मात्र तिथून हलली नाही.

मग एका वर्षी भिंतीला चीर पडली. मी एका गवंड्याला घेऊन गेले. बुटका, कमी बोलणारा माणूस. त्याने चिरेत हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. हात पुसत म्हणाला, "पुढच्या मोठ्या पाण्याला ही टिकत नाही, बाई. आणि भिंत गेली की पहिलं घर तुमच्या बहिणीचं."

मी ताईच्या मागे लागले. म्हटलं, माझ्याकडे राहायला चल.

"तुझ्या घरात खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी," ताई म्हणाली. "वेडी होईन मी तिथे."

"आणि इथे राहिलीस तर वाहून जाशील!"

"जाईन. पण शहाणी जाईन."

आता अशा बाईपुढे काय बोलणार? हात टेकले मी. आमची आई लवकर गेली, मला या ताईने वाढवलं. तिच्या कडेवर बसून मी जग बघितलं. ती हलणार नाही तर भिंत हलता कामा नये, एवढं मी मनाशी पक्कं केलं आणि दुरुस्तीचा परवाना स्वतः काढायला घेतला. गवंडी तयार होता, दगड येऊन पडला होता. घोडं अडलं होतं ते परवान्यापाशी.

कारण ती जागा पूरवाटेत होती. पूर आला की नदी जिथून जाते ती सगळी जागा म्हणजे पूरवाट. तिथे नवा दगड ठेवायचा तर परवानगी, जुना हलवायचा तरी परवानगी. नियमाला मी नावं ठेवत नाही हो. इथे भिंत वाढवली की पाणी तिकडे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरतं. पण परवानगी द्यायची कुणी? पाण्याचं खातं म्हणालं, धरण पुरातन आहे, पुरातनवाल्यांकडे जा. पुरातनवाले म्हणाले, पाण्यात आहे ना, मग पाण्याच्या खात्याकडे जा. मत्स्यखात्यातल्या बाईंनी विचारलं, भिंत नीट झाल्यावर मासे वर कसे चढणार? मी म्हटलं, आजवर कसे चढले ते त्यांनाच विचारा. त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात ना, इथे थांबता थांबता पावसाळा तोंडावर आला. नाकी नऊ आले माझ्या.

शेवटी एकच गोष्ट राहिली. जागेवरची सुनावणी.

ती घ्यायला यायचे रेषासाहेब. पुराचं पाणी कुठवर येतं त्याची नकाशावर रेषा मारायची, हे त्यांचं काम, म्हणून ते नाव. उंच, वाळका, भला माणूस. जागेवर उभं राहायचं, जाहीर सूचना मोठ्याने वाचायची आणि तीनदा विचारायचं, कोणाची हरकत आहे काय? कुणी 'आहे' म्हणालं तर त्याला पुढे बोलवायचं, काय हरकत ते विचारायचं आणि तिथल्या तिथे निकाल लावायचा. कुणी काही बोललं नाही तर सही. त्या खात्यात एक रीत होती. हरकत विचारताना पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, "अहो, माणसं जमिनीवर असतात. हरकत त्यांना विचारायची. पाण्याला काय विचारायचं?" मला पटलं ते.

सुनावणीच्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. आम्ही तिघंच होतो. मी, रेषासाहेब आणि ताई, कारण पूरवाटेत राहणारी ती एकटीच. भिंतीवर चढलो तर पलीकडचा काठ दिसेना. ओल्या दगडाचा, शेवाळाचा आणि गंजाचा वास नाकात बसत होता. सांडव्याचा आवाज तर तिथे अष्टौप्रहर असतो. त्या आवाजात राहून राहून ताईची मोठ्याने बोलायची सवय पडलेली. माझ्या घरी आली की शेजारी समजायचे आमचं भांडण चाललंय.

साहेब रीतीप्रमाणे पाण्याकडे पाठ करून उभे राहिले आणि वाचायला लागले. पण खालून वारा उठला. तो कागद त्यांच्या तोंडावर थापायला लागला, चष्म्यावर पाणी साचायला लागलं. दोनदा त्यांनी चष्मा पुसला. मग वैतागून ते सरळ वळले, वाऱ्याकडे पाठ केली आणि उरलेली सूचना वाचून काढली. वळले ते फक्त वाऱ्यामुळे हो, बिचाऱ्यांच्या मनात काहीच नव्हतं. पण आता त्यांचं तोंड पाण्याकडे होतं.

"...सदर दुरुस्तीस कोणाची हरकत आहे काय?"

आणि सांडव्याचा आवाज थांबला.

पाणी थांबलं नाही, नीट ऐका. पाणी पांढरंशुभ्र पडतच होतं. फक्त आवाज गेला. ताई माझ्याकडे बघायला लागली. त्या घरात इतकी वर्षं काढून तिने अशी शांतता कधी ऐकली नव्हती.

साहेबांनी मान वर केली. त्यांनाही ते जाणवलं होतं, पण जन्मभराची सवय, जीभ आपली आपण चालली.

"कोणाची हरकत आहे काय...?"

या खेपेला वास आला. विहीर खणताना पार तळाशी, जिथे कधी ऊन पोचलेलंच नाही, तिथली माती वर आली की येतो तो वास. धुकं मधोमध फाटलं आणि दोन्ही बाजूंना सरकलं. आतलं पाणी काळं आणि गुळगुळीत होतं. वारा असूनही त्यावर एक सुरकुती नव्हती.

"साहेब..." मी हळूच म्हटलं, "पुरे... चला."

त्यांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं, पण तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय सुनावणी पुरी होत नाही ना!

"कोणाची... हरकत... आहे काय?"

"आहे."

तो आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. मोठा तर मुळीच नव्हता. मी तो कानांनी ऐकलाच नाही. पायांखालच्या दगडातून तो तळव्यांत आला आणि तिथून वर छातीपर्यंत चढला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आणि रेषासाहेब... आता काय सांगू तुम्हाला! शेकडो सुनावण्या घेतलेला माणूस तो. कुणी 'आहे' म्हटलं की त्याच्या तोंडून काय निघणार? तेच निघालं. त्याच सुरात, त्याच ठेक्यात.

"हरकतदाराने पुढे यावे."

बोलून गेले आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. त्यांनी बोलावलं होतं, नदी पुढे आली.

लाट आली नाही. उसळी नाही, खळखळ नाही. कुणी परात एका बाजूने उचलावी तसं ते सगळं पाणी आमच्याकडे आलं. पलीकडचा काठ उघडा पडला. तिथला काळा चिखल दिसला, झाडांची लांबच लांब मुळं दिसली, कुणी कधी बघितल्या नसतील अशा पायऱ्या दिसल्या. आणि पाणी भिंतीपाशी येऊन उभं राहिलं. भिंतीच्या वर गेलं, आमच्या डोक्यांच्या वर गेलं आणि तसंच उभं राहिलं, कशाचाही आधार न घेता. हात लांब केला असता तर लागलं असतं. आत मासे स्थिर होते. एक अख्खं झाड मुळांसकट आत उभं होतं. आणि त्याच्याही मागे, खूप खोल, काहीतरी उजेडासारखं हळूहळू हलत होतं. त्याला तोंड नव्हतं, डोळे नव्हते. पण ती आमच्याकडे बघत होती, आणि आम्ही केवढे आहोत ते तिला कळत होतं.

मला भीती वाटली का? वाटली की. पण त्याहून मोठं असं काहीतरी वाटलं, त्याला मला अजून शब्द सापडत नाही. मी जन्मभर कागदांवर हिच्या नावाने शिक्के मारून घेत फिरले आणि ही एवढी आहे, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या. पुसायचंही सुचलं नाही. तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि जन्मभर तिथेच उभं राहावंसंही वाटत होतं.

रेषासाहेब गुडघ्यांवर बसले होते. ओठ हलत होते. सुनावणीतला पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, अगदी कुजबुजत.

"हरकत... काय आहे?"

"वाट," ती म्हणाली.

बस्स, एवढा एकच शब्द. पाणी नुसतं उभं होतं. वाट बघत होतं. त्या भिंतीतली चीर हळूच करकरली, ते मला ऐकू आलं.

मग ताई बोलली. आमची ताई! कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"वाट हवी ना तुला? भिंत बांधली की वाट अडेल, हेच ना? अगं, मग त्यात काय एवढं! माझ्या घरातून जा. पुढे दार आहे, मागे दार आहे, सरळ सरळ रस्ता आहे. दोन्ही दारं उघडी ठेवत जाईन मी. फक्त घराला धक्का लावू नकोस बाई, एवढंच. बाकी माझी काही हरकत नाही."

हरकत नाही. कुणी जरा शिडी मागितली, कुणी जरा ओट्यावर बसू का म्हटलं, तर आपण म्हणतो ना, तसं म्हणाली ती. सहज म्हणाली. आपण दिवसातून किती वेळा म्हणतो हे!

पाणी तसंच थोडा वेळ उभं राहिलं. मग खाली बसत गेलं. एक थेंब भिंतीच्या या बाजूला पडला नाही. पलीकडच्या त्या पायऱ्या झाकल्या गेल्या, धुकं मिटलं आणि सांडव्याचा आवाज एकदम असा आला की मी खालीच बसले.

बऱ्याच वेळाने रेषासाहेब म्हणाले, "हरकत... निकालात निघाली, असं धरू या." सही इतकी वेडीवाकडी झाली की ती त्यांची आहे हे मला नंतर तीन टेबलांवर पटवून द्यावं लागलं. त्यानंतर साहेबांनी डोंगराळ भागात बदली मागून घेतली. म्हणे तिथे पाणी प्यायलाही पुरत नाही. सुखात असतील.

परवाना मिळाला. गवंड्याने रात्रीचा दिवस केला आणि पावसाच्या आधी चीर बुजवून भिंत भक्कम केली. त्या सकाळबद्दल मी आणि ताई एक अक्षर बोललो नाही. मी माझ्या मनाची समजूत घातली. धुकं होतं, पोटात काही नव्हतं, साहेबांचं वय झालंय. माणूस काय, कशीही समजूत घालतो.

मग मोठा पाऊस झाला. वरच्या अंगाला दिवसरात्र कोसळत होता. खालच्या वस्तीतली माणसं खबरदारी म्हणून वरच्या रस्त्यावर आणली. मी धापा टाकत पोचले, तर सगळे होते आणि ताई नव्हती. भर दुपार होती, आमच्याकडे पाऊस उघडला होता, सगळं लख्ख दिसत होतं. खाली तिच्या घराची पुढची दारं सताड उघडी आणि ती उंबऱ्याच्या बाजूला एक दार धरून उभी.

"ताई!" मी घसा फोडून ओरडले. "ए ताई! वर ये!"

तिने हात हलवला. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला हलवावा तसा.

पूर आला. धरणाच्या सगळ्या भिंतीवरून तांबडं पाणी पडायला लागलं. गवंडी माझ्या शेजारी उभा होता, तो पुटपुटत होता, "धर... धर... धर..." भिंतीने धरलं. पण वरून येणारं पाणी कमी थोडंच होणार? ते सगळं, काठापासून काठापर्यंत, ताईच्या घरावर चालून आलं. मी डोळे मिटून घेणार होते. मिटले नाहीत, आणि बरं झालं मिटले नाहीत. एवढं बघायला मिळणं माझ्या नशिबात होतं.

घराच्या अलीकडे येऊन नदीने अंग चोरलं.

गर्दीत पुढे जाताना आपण अंग चोरतो ना, दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून? तसंच. एवढी अफाट नदी दोन्ही बाजूंनी आत सरकली, वरून खाली दबली, दाराएवढी झाली आणि त्या दारातून आत शिरली. चौकटीला लागली नाही. दाराशेजारी दोरीवर ताईचे टॉवेल वाळत होते, ते भिजले नाहीत. मागच्या दारातून बाहेर पडली आणि तिथे पुन्हा काठापासून काठापर्यंत पसरून वाहायला लागली. कितीतरी वेळ असं चाललं होतं. वरच्या रस्त्यावर सगळं गाव जमलेलं, एरवी दोन माणसं जमली तर तीन भांडणं होणारं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. कुणीतरी हात जोडले, मग एकेक करून सगळ्यांनीच जोडले.

गवंडी माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "बाई... बघितलंत? आत जातंय ते गढूळ आहे... बाहेर पडतंय ते नितळ आहे."

खरंच तसं होतं. पुढून चिखलाचा लोंढा आत, मागून काचेसारखं पाणी बाहेर.

पाणी ओसरलं तशी मी धावत सुटले. ताई उंबऱ्यावर बसली होती. कोरडी ठणठणीत, गाल लाल झालेले, एखाद्या मुलीसारखी हसत होती. मी तिला मिठी मारली, रडले, रागाने पाठीत दोन धपाटेही घातले. घरात गेले तर जमीन कोरडी. गाळ बघायला म्हणून नखाएवढा नाही. पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. एवढा चिखल आत आला तो गेला कुठे? पण मी त्या क्षणी इतकी खुश होते की तो विचार मी झटकून टाकला.

"आता पुरे," मी म्हटलं. "भिंत वाचली, घर वाचलं. आता माझ्याबरोबर चल."

आणि काय आश्चर्य, ताई चल म्हणाली! "येते," म्हणाली. "थकले गं आता. चार दिवस तुझ्या खिडकीतून समोरच्याचं तोंड बघते." मी तिची पिशवी भरली, तिचा विचार बदलायच्या आत मागचं दार लावलं, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. जिवात जीव आला माझ्या.

चार पावलं चालल्यावर ती म्हणाली, "जाताना निरोप घेतला हं तिने."

"म्हणजे?"

"म्हणजे, शेवटचं पाणी मागच्या दाराशी जरा घुटमळलं. म्हणून मी म्हटलं, 'ये हं.'"

मी थांबले. "काय म्हणालीस?"

"ये हं म्हणाले. मग काय जा म्हणू? दारातून निघालेल्याला कुणी 'जा' म्हणतं का?"

"अगं ताई, ही आपली बोलायची रीत! तिला काय ठाऊक? तिने शब्द धरला तर?"

ताई हसायला लागली. मग हसू विरलं. तिने वळून कुलपाकडे बघितलं. "आणि ती आली आणि दार बंद असलं तर? वाट देते म्हणून कबूल केलंय मी."

मी परवाने काढणारी बाई. मला वाटलं, जे बोलण्याने गुंतलं ते बोलण्याने सुटेल. म्हटलं, "चल, रीतसर विचारून घेऊ. उजेड आहे तोवर."

ताईचा हात घट्ट धरून मी धरणावर चढले. ऊन पिवळं झालं होतं. पाणी शांत होतं, सांडवा वाजत होता. मी पाण्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हटलं, "माझी बहीण हे घर सोडून माझ्याबरोबर येते आहे. कोणाची हरकत आहे काय?"

काही झालं नाही. सांडवा वाजतच राहिला. मी दुसऱ्यांदा विचारलं. पाण्यावरून एक बगळा उडाला, बाकी काही नाही. ताईने माझा हात दाबला. मी तिसऱ्यांदा विचारलं आणि वाट बघितली. नदी आपली वाहत होती, आमच्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

"चल," मी म्हटलं. "झालं."

"आहे," मागून आवाज आला.

धरणाच्या खालून आला. ताईच्या घरातून. आणि तो आवाज ताईचा होता. तीच मोठ्याने बोलायची सवय, शेवटी जरा बसणारा तोच घसा. मी ताईकडे बघितलं. तिचा हात माझ्या हातात होता आणि तिचे ओठ मिटलेले होते. तीही खाली त्या बंद दाराकडेच बघत होती.

माझ्या जिभेवर पुढचं वाक्य आलं होतं. एवढ्या सुनावण्या बघितलेल्या मी, ते येणारच. मी जीभ चावली, इतकी की रक्त आलं, पण ते वाक्य बाहेर पडू दिलं नाही.

ताईने हळूच आपला हात सोडवून घेतला.

"घरात कुणीतरी आहे गं..." ती म्हणाली. "आणि आपण बाहेरून कुलूप लावून आलो."

किल्ली घेऊन ती उतरायला लागली. भरभर उतरली, मागे वळून न बघता. दार उघडून आत गेलेली मी बघितली. मला खाली जायचा धीर झाला नाही. तिथूनच मी जिवाच्या आकांताने "ताई" म्हणून हाक मारली, तर दोघींनी ओ दिली.